काम आटलं त्या बारा आठवड्यांच्या नोंदी

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार

आज सकाळी लॅपटॉप उघडला आणि करायला काहीच नव्हतं. शुक्रवारी मोठं प्रोजेक्ट हँडओव्हर झालं, आणि ज्या रिटेनरवर, म्हणजे ठरलेल्या रकमेत नियमित काम देणाऱ्या क्लायंटवर, माझी भिस्त होती त्यांनी मागच्याच आठवड्यात कळवलंय की पुढची दोन क्वार्टर बाहेरच्या लोकांवरचा खर्च बंद. दोन्ही एकदम. मी बॅकएंडची कामं करते, सर्व्हर, डेटाबेस, जुन्या सिस्टिम सांभाळणं वगैरे, फ्रीलान्सिंगला आठ वर्षं झाली, आणि असा रिकामा सोमवार याआधी दोनदा आलाय. दोन्ही वेळेला पहिले तीन-चार आठवडे नुसते घाबरण्यात गेले हे मला चांगलं आठवतंय, म्हणून या वेळी ठरवलं की हेच एक प्रोजेक्ट धरायचं, रोज सकाळी चार तास द्यायचे आणि क्लायंटच्या कामाची ठेवते तशीच रोजची नोंद ठेवायची.

पहिलं काम हिशोब. आकडा पैशात काढला नाही, महिन्यांत काढला. म्हणजे खात्यात जे आहे त्याला महिन्याच्या खर्चाने भागलं. टॅक्ससाठी बाजूला ठेवलेले पैसे यात धरायचे नाहीत, ते आपले नाहीतच, मागच्या वेळी तेच धरले होते आणि नंतर भरताना तोंडचं पाणी पळालं होतं. उत्तर आलं साडेतीन महिने. शिवाय दोन इनव्हॉइस यायचेत, एक साधारण एका महिन्याच्या खर्चाएवढा आणि एक अर्ध्या महिन्याचा.

आणि एक गोष्ट आजच लिहून ठेवते, डोकं शांत आहे तोवर: ज्या दिवशी हा आकडा दोन महिन्यांवर येईल त्या दिवसापासून मी सहा महिन्यांचं पूर्णवेळ काँट्रॅक्ट किंवा नोकरी शोधायला लागणार. दोन महिने यासाठी की नोकरीचे इंटरव्ह्यू, ऑफर, पहिला पगार यालाही वेळ लागतो. पैसे संपल्यावर निर्णय घ्यायला बसलं की मिळेल ते पदरात पाडून घ्यावं लागतं.

१६ सप्टेंबर

थकलेले इनव्हॉइस. नवीन काम शोधण्याआधी हे, कारण हे काम करून झालंय, फक्त पैसे आणायचेत.

मोठ्या इनव्हॉइसची मुदत उलटून ५२ दिवस झालेत. मी आतापर्यंत काय केलं होतं, तर प्रोजेक्ट मॅनेजरला दोन वेळा ‘जरा बघाल का’ असा मेल टाकला होता आणि दोन्ही वेळेला ‘हो हो, फायनान्सला सांगतो’ असं उत्तर आलं होतं. आज थेट त्यांच्या अकाउंट्सला फोन लावला. समोरच्या मॅडमनी दोन मिनिटांत शोधून सांगितलं, अहो यावर पीओ नंबरच (त्यांच्या खरेदीच्या ऑर्डरचा नंबर) नाहीये, सिस्टिमने आल्या दिवशीच बाजूला टाकलाय. म्हणजे ५२ दिवस माझा इनव्हॉइस कुणी अडवून धरला नव्हता, तो कुणाच्या समोर गेलाच नव्हता. मी मनात काय काय बोलून घेतलं होतं त्या लोकांबद्दल! पीओ नंबर घालून परत पाठवला, मॅडमना विचारलं की पुढचा पेमेंट रन कधी, त्या म्हणाल्या महिन्यातून दोनदा असतो, या वेळचा हुकला, आता पुढचा. कॅलेंडरमध्ये टाकलं.

छोट्याचं उत्तर नाही. त्यांना मेलमध्ये इनव्हॉइस नंबर, तारीख, रक्कम, मुदत आणि ‘कोणत्या तारखेला पेमेंट होईल ते कळवा’ एवढंच लिहिलं. ‘डिस्टर्ब करतेय, सॉरी’ हे वाक्य सवयीने टाइप झालं होतं, ते काढलं. आपल्याच पैशांसाठी भीड कसली.

१८ सप्टेंबर

आज सगळे जुने इनव्हॉइस आणि मेल काढून बसले. प्रश्न एकच, काम आत्ता का आटलं. गेल्या तीन वर्षांत १७ कामं झाली. त्यातली १० जुन्या क्लायंटकडून किंवा त्यांच्या ओळखीतून आली, ४ दुसऱ्या फ्रीलान्सरांनी दिली, २ फ्रीलान्सिंग प्लॅटफॉर्मवरून आणि १ माझ्या वेबसाइटवरून. मग प्रत्येक कामाची पहिली बोलणी कधी झाली आणि पहिले पैसे कधी आले त्या तारखा समोरासमोर मांडल्या. सगळ्यात कमी ९ दिवस, सगळ्यात जास्त पाच महिने, पण बहुतेक दहा ते बारा आठवड्यांच्या आसपास. मला वाटत होतं महिनाभर लागत असेल.

म्हणजे सप्टेंबरमधल्या रिकाम्या दिवसांचं कारण जूनमध्ये शोधायला पाहिजे. सेंट फोल्डर उघडला. २० मेपासून १० सप्टेंबरपर्यंत, चालू दोन क्लायंट सोडले तर, मी एकाही माणसाला कामासंबंधी एक ओळ लिहिलेली नाही. एकही नाही. तेव्हा डोक्यावर इतकं काम होतं की तशी गरजच वाटली नाही. मार्केट खराब आहे, बजेट कापलीत, हे सगळं खरं असेल, पण माझ्या हातातलं जे होतं ते मी चार महिने केलं नव्हतं हेही तितकंच खरं. वाईट वाटलं, पण दिलासाही मिळाला, कारण मार्केट माझ्या हातात नाही, मेल लिहिणं आहे.

आणखी एक निघालं यातून. आज मी काहीही केलं तरी त्याचे पैसे बहुधा डिसेंबरच्या आधी दिसणार नाहीत. त्यामुळे दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही म्हणून पद्धत बदलायची नाही, घाबरून रेट पाडायचा नाही.

१९ सप्टेंबर

प्लॅटफॉर्मवर अकरा ठिकाणी बोली लावली, पूर्ण दिवस गेला. १७ पैकी २ कामं तिथून आली होती आणि दोन्ही सगळ्यात कमी रेटची होती, तरी दिवसभर तेच केलं कारण तिथे बटण दाबलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. यापुढे आठवड्यातून एक तास, बस.

२२ सप्टेंबर

अर्धा दिवस स्वतःची वेबसाइट नव्याने बनवण्यात घालवला. फाँट निवडत बसले होते. हे लिहून ठेवतेय कारण रिकाम्या काळात हे काम फार गोड लागतं, त्यात कुणी नाही म्हणत नाही. ऑनलाइन कोर्सचंही तेच. शिकणं वाईट नाही, उलट एरवी वेळ कुठे मिळतो, पण मी आता स्वतःला एक अट घातलीय, जे शिकेन ते एखाद्या खऱ्या क्लायंटच्या खऱ्या अडचणीला चिकटलेलं पाहिजे. नाहीतर दुपारनंतर, चार तास संपल्यावर, हौस म्हणून.

वेबसाइटवर फक्त दोन गोष्टी बदलल्या. २०२२ पासून पडून असलेली ‘सध्या उपलब्ध नाही’ ही ओळ काढली. आणि मी काय करते ते एका वाक्यात लिहिलं.

२४ सप्टेंबर

जुन्या क्लायंटची यादी केली, २३ नावं. त्यातली ४ खोडली, दोन पैशांना त्रास देणारी आणि दोन जिथे रात्री अकराला फोन यायचे. राहिली १९.

आता लिहायचं काय. पहिला मसुदा होता, ‘नमस्कार, सध्या मी मोकळी आहे, काही काम असेल तर कळवा.’ हा वाचल्यावर समोरच्याने काय करायचं? त्यानेच विचार करायचा की आपल्याकडे काय काम आहे, ते हिला जमेल का, बजेट आहे का. कामात बुडालेला माणूस हा मेल वाचतो, मनात म्हणतो ‘बघू’, आणि विसरतो. त्यात त्याची काही चूक नाही, विचार करायचं काम आपणच त्याच्या गळ्यात टाकलेलं असतं.

मग उलट बाजूने सुरुवात केली. या १९ जणांकडे मी काय बनवून दिलं होतं, कोणत्या व्हर्जनवर, आणि त्यातलं काय आता मुदतीला आलंय. आठवून, जुन्या नोंदी बघून तक्ता केला. पीएचपी ८.१ (साइट ज्या भाषेत लिहिलेली असते ती) चा सिक्युरिटी सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं, ३१ डिसेंबर २०२५ ला संपतोय, ते पाच जणांकडे आहे. मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसची मुदत एप्रिल २०२६, ते सात जणांकडे. उबंटू २०.०४ (सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम) चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्येच संपला, नोड १८ (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं) चा ३० एप्रिल २०२५ ला, असे मिळून चार सर्व्हर मीच उभे केलेले. लेट्स एन्क्रिप्ट वेबसाइटना फुकट सर्टिफिकेट देतं, म्हणजे साइट खरी आणि सुरक्षित आहे हे ब्राउझरला पटवणारा दाखला. त्यांच्याकडून सर्टिफिकेट संपण्याआधी जो आठवणीचा ईमेल यायचा तो त्यांनी ४ जून २०२५ पासून बंद केलाय, आणि दोन क्लायंट त्या ईमेलच्याच भरवशावर होते हे मला पक्कं माहितीये.

सर्टिफिकेटचा विषय तर याहून मोठा आहे. सीए/ब्राउझर फोरमने, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने, एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलंय की वेबसाइटच्या सर्टिफिकेटची कमाल मुदत, जी आत्ता ३९८ दिवस आहे, ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस होणार, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. म्हणजे जिथे कुणीतरी वर्षातून एकदा हाताने सर्टिफिकेट बदलतंय तिथे हे काम आता वर्षातून दोनदा, मग चारदा, आणि शेवटी दर दीड महिन्याला. ऑटोमेशन केल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि हे ज्यांच्या कानावर घालायला पाहिजे ते लोक माझ्या यादीत आहेत, मी मात्र ‘काही काम आहे का’ विचारत होते.

एक पथ्य. बाहेरून कुणालाही दिसतं तेवढंच बघायचं. एका जुन्या क्लायंटच्या सर्व्हरवर माझी की, म्हणजे आत जायची डिजिटल किल्ली, अजून चालत असणार असा मला दाट संशय आहे, पण ती लावून बघायचीसुद्धा नाही, उलट त्यांना सांगायचं की माझा ॲक्सेस काढला नसेल तर आधी काढा.

२६ सप्टेंबर

रोज चार मेल, प्रत्येक वेगळा. आजच्या चारातला एक नीट नोंदवते.

एका ट्रेनिंग कंपनीची नोंदणीची साइट, २०२१ मध्ये केली होती. मेल लिहायच्या आधी टर्मिनलमध्ये ओपनएसएसएल या टूलची एक ओळ टाकून सर्टिफिकेट कधी संपतंय ते बघितलं. १५ ऑक्टोबर. १९ दिवस राहिलेत. विकत घेतलेलं, वर्षाचं, आणि ते दर वर्षी बदलणारा मुलगा कंपनी सोडून गेल्याचं मी मागे ऐकलं होतं. मेल असा गेला:

‘नमस्कार सर, आपल्या नोंदणीच्या साइटचं सर्टिफिकेट १५ ऑक्टोबरला संपतंय. पूर्वी हे बघणारे आता आपल्याकडे नाहीत असं कळलं, म्हणून लिहितेय. नवीन घ्यायला तासाभराचं काम आहे, आपल्या होस्टिंगवाल्यांकडूनही होईल, पायऱ्या खाली दिल्यात. मार्चपासून हेच साधारण सहा महिन्यांनी करावं लागणार आहे, त्यामुळे एकदाच ऑटोमॅटिक करून घेतलेलं बरं. ते मी करून देऊ शकते, दोन दिवस लागतील. नाही केलंत तरी १५ तारीख मात्र चुकवू नका.’

वीस मिनिटांत फोन. त्यांना खरंच माहिती नव्हतं, आणि त्यांची नवीन बॅचची नोंदणी १३ ऑक्टोबरला उघडणार होती. फोनवरच सोबत बसून सर्टिफिकेट घेतलं, त्याचं बिल लावलं नाही. ऑटोमेशनबद्दल म्हणाले, पार्टनरशी बोलतो.

पायऱ्या फुकट सांगून टाकल्यामुळे काम जाईल अशी भीती मला पूर्वी वाटायची. आता नाही वाटत. ज्याला स्वतः करायचंय तो करेलच, आणि ज्याला वेळ नाही तो त्या पायऱ्या वाचून एवढंच बघतो की हिला येतंय.

१ ऑक्टोबर

१९ मेल गेले. ८ उत्तरं. तिघांनी नुसते आभार मानले. दोघं म्हणाले पुढच्या क्वार्टरमध्ये, त्यांना लगेच विचारलं, ‘मग १२ जानेवारीच्या आठवड्यात मी फोन करू का?’ दोघंही हो म्हणाले, कॅलेंडरमध्ये टाकलं. ‘बघू नंतर’ला तारीख चिकटवली नाही तर ते हवेत विरून जातं. दोघांना कॉल करायचाय. आणि एक मेल परत आला, तो पत्ता बंद, मग शोधलं तर त्या मॅडम आता दुसऱ्या कंपनीत गेल्यात, तिथे लिहिलं, तर त्यांनी ‘अरे वा, मी इथे आल्यापासून तुझीच आठवण काढत होते’ असं उत्तर पाठवलं. लगेच काही नाही पण नवीन घर उघडलं.

अकरा जणांचं काहीच नाही. तीन आठवड्यांनी एकदा आठवण करायची, फक्त एकदा.

६ ऑक्टोबर

दोन कॉलपैकी एक झाला. डेटाबेसचं अपग्रेड, काम ओळखीचं, दहा दिवसांचं. मी कोटेशन सांगितलं, पलीकडून आलं, ‘सध्या तुम्ही मोकळ्या आहात ना, मग निम्म्यात करून टाका की.’

खरं सांगायचं तर जिभेवर ‘चालेल’ आलं होतं. साडेतीन महिन्यांचे आता तीनच राहिलेत. पण एकदा निम्म्यात केलं की पुढच्या वर्षी तोच माझा रेट होतो, आणि ते ज्यांना माझं नाव सांगतील त्यांनाही तोच सांगतील. म्हणून म्हटलं, ‘बजेट निम्मं असेल तर आपण काम निम्मं करूया. चाचणी सर्व्हरवर अपग्रेड करून काय काय तुटतंय त्याची यादी देते, चार-पाच दिवसांत. दुरुस्त्या तुमची टीम करेल.’ विचार करून सांगतो म्हणाले. गेलं बहुतेक. तरी रेट तोच राहिला याचं मला समाधान आहे. ज्याला एक-दीड महिनाच काढायचाय त्याने कदाचित कमी रेटही घ्यावा, त्यात पाप नाही, पण मग इनव्हॉइसवर मूळ रेट आणि त्याखाली ‘या कामापुरती सूट’ असं स्पष्ट दिसलं पाहिजे.

९ ऑक्टोबर

आज चार तास झाले नाहीत. सकाळी बसले, इनबॉक्स दहा वेळा रिफ्रेश केला, उठले. घरच्यांवर उगाच चिडले. पैशांपेक्षा जास्त टोचतं ते हे की आपली कुणाला गरज नाही, आठ वर्षं जे केलं ते एवढंच होतं का, असं काहीतरी आतून यायला लागतं. हे खोटं असतं हे कळत असतं तरी येतं.

संध्याकाळी डिझायनर मैत्रिणीला फोन केला. तिच्याशी दर महिन्याला बोलणं होतं, पण काम नाहीये हे मी तिला सांगितलंच नव्हतं, ‘चाललंय’ एवढंच म्हणत होते. आज सांगितलं. ती म्हणाली, ‘अगं, मला वाटलं तू गळ्यापर्यंत बुडालीयेस, म्हणून ऑगस्टमध्ये एक काम आलं होतं ते मी दुसऱ्याला दिलं.’

ऐकून गप्पच झाले. चार कामं दुसऱ्या फ्रीलान्सरांकडून आली होती हे मीच १८ तारखेला मोजलं होतं, आणि त्याच लोकांपासून लपवत होते. मोकळं असणं ही काय लाज वाटायची गोष्ट आहे का. रात्री सात जणांना लिहिलं, ‘ऑक्टोबर ते डिसेंबर माझ्याकडे आठवड्याचे तीन दिवस आहेत, सर्व्हर, डेटाबेस, जुन्या सिस्टिमची दुरुस्ती.’ किती दिवस आणि कोणतं काम, दोन्ही लिहिलं. नुसतं मोकळी आहे म्हटलं की माणसं हळहळतात, काय करता येईल ते कळलं की काम पाठवतात.

१४ ऑक्टोबर

दुसऱ्या कॉलमधून तीन दिवसांची तपासणी मिळाली, कालपासून सुरू. छोटी कंपनी, मायएसक्यूएल ८.० वर बिलिंगची सिस्टिम. अपग्रेडची तयारी म्हणून बोलावलं, आणि मी कुठलंही अपग्रेड बोलायच्या आधी बॅकअप रिस्टोअर करून बघते.

बॅकअपच्या फोल्डरमध्ये रोजची एक फाइल, नाव बरोबर, तारीख बरोबर, एकही दिवस चुकलेला नाही. साइज बघितली. २० बाइट. कालची २० बाइट, परवाची २० बाइट, मागे मागे जात मार्चपर्यंत सगळ्या २० बाइट. २० बाइट म्हणजे जीझिपने, फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमने, काहीच नसलेलं काहीतरी गुंडाळून ठेवलंय, नुसतं वेष्टन. मार्चमध्ये कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला, स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला, मायएसक्यूएलडंप, डेटाबेसची प्रत काढणारा प्रोग्रॅम, रोज रात्री आत जाऊ न शकल्याने काही न देता बाहेर पडत होता, आणि त्याच्यापुढे पाइपने, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीत सोडणाऱ्या जोडणीने, जोडलेलं जीझिप मात्र ते रिकामेपण नीट गुंडाळून ‘झालं’ म्हणत होतं. शेलमध्ये, म्हणजे जिथे या कमांड चालतात तिथे, पाइपचा निकाल शेवटच्या कमांडचा धरतात, पाइपफेल (आधीची कमांड फसली तरी चूक दाखवणारं सेटिंग) लावलं नसेल तर. म्हणून रोज सकाळी ‘बॅकअप यशस्वी’ असा मेल येत होता. सात महिने.

हे सांगताना माझाच आवाज कापत होता. तिथले सर दोन मिनिटं काही बोलले नाहीत. पहिलं काम तिथल्या तिथे, पासवर्ड दुरुस्त, हाताने पूर्ण बॅकअप, त्याची दुसरीकडे कॉपी, आणि ती रिकाम्या मशीनवर रिस्टोअर करून इनव्हॉइसच्या टेबलमधल्या ओळी दोन्हीकडे मोजून जुळवल्या. रात्री साडेनऊ झाले. मग स्क्रिप्टमध्ये पाइपफेल, आणि फाइल कालच्यापेक्षा एकदम लहान असेल तर ओरडणारा मेल.

१७ ऑक्टोबर

तपासणीचा रिपोर्ट दिला. शेवटी त्यांनीच विचारलं की हे तुम्ही दर तीन महिन्यांनी येऊन बघाल का. छोटा रिटेनर, पण रिटेनर.

यातून मला जे हवं होतं ते सापडलं. लोकांना ‘बॅकएंड डेव्हलपर’ विकत घेता येत नाही, किती लागेल, किती दिवस, कळत नाही. पण ‘तीन दिवसांत तुमचा बॅकअप खरंच परत आणून दाखवते, कोणतं व्हर्जन कधी मुदतीबाहेर जातंय ते सांगते, सर्टिफिकेट कुणाच्या भरवशावर आहेत ते शोधते, रक्कम ठरलेली’ हे कळतं. एका पानावर लिहून काढलं. साइटवरही तेच टाकलं, जुन्याच फाँटमध्ये. मग ज्या अकरा जणांची उत्तरं नव्हती त्यांना ठरल्याप्रमाणे एकदा आठवण, पण या वेळी हे पान जोडून आणि २० बाइटची गोष्ट नाव न घेता दोन ओळींत सांगून. हा मेल आधी त्या सरांना दाखवून त्यांची परवानगी घेतली.

२७ ऑक्टोबर

पीओ नंबरवाला इनव्हॉइस जमा झाला.

मैत्रिणीच्या ओळखीच्या एका एजन्सीकडून काम आलं, महिनाभर, आठवड्याचे दोन दिवस. काम चांगलं आहे पण काँट्रॅक्टमध्ये ओळ होती, आमच्या क्लायंटने पैसे दिले की मग तुम्हाला देऊ. ती बदलून मागितली, माझं इनव्हॉइस दिल्यापासून ३० दिवस, त्यांचा क्लायंट देवो न देवो. त्या क्लायंटशी माझा काही करार नाही, त्याचा धोका मी का घ्यायचा. एकदा नाही म्हणाले, मग ४५ दिवसांवर आले, घेतलं. काम नसताना काँट्रॅक्ट वाचायचा कंटाळा येतो, सही करून मोकळं व्हावंसं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच वाचायला लागतं.

५ नोव्हेंबर

हिशोब परत. सात आठवडे गेले, तपासणीचे आणि जुन्या इनव्हॉइसचे पैसे आले, आकडा तीन महिने. तो एक इनव्हॉइस आला नसता तर आज आपण दोनवर असतो आणि मी नोकरीचे अर्ज लिहीत असते. पीओ नंबर नावाचा एक रकाना.

खर्चही कापला थोडा. सबस्क्रिप्शन बघितली तर सहा टूल अशी होती जी मागच्या प्रोजेक्टसाठी घेतलेली आणि तशीच चालू. चार बंद केली. लॅपटॉपचा आणि डेटाच्या बॅकअपचा खर्च ठेवला. ते कापून काम कशावर करणार.

छोटा इनव्हॉइस अजून नाही. तिसरा मेल, आता मालकांना सीसी.

१२ नोव्हेंबर

पत्ता बदललेल्या मॅडमचा फोन. त्यांच्या नव्या कंपनीत नऊ सर्व्हर आहेत, सगळीकडे सर्टिफिकेट हाताने, मार्चच्या आधी सगळं ऑटोमॅटिक करायचंय, जमलं तर डेटाबेसचं अपग्रेडही एप्रिलच्या आत. दहा आठवड्यांचं काम. माझ्याच मेलमधल्या तारखा त्यांनी त्यांच्या मीटिंगमध्ये मांडल्या होत्या.

रेट पूर्ण. ३० टक्के ॲडव्हान्स, बाकी तीन टप्प्यांत. आणि आठवड्याला चार दिवसच, पाच नाही. त्यांनी पाच मागितले होते. पाचवा दिवस मी दिला असता तर फेब्रुवारीत परत हीच नोंदवही उघडावी लागली असती.

सही पुढच्या आठवड्यात. सही होईपर्यंत मेल थांबवायचे नाहीत, तोंडी होकारावर मी एकदा दीड महिना बसून राहिलेय.

१९ नोव्हेंबर

सही झाली. ॲडव्हान्सचं इनव्हॉइस पाठवलं, पीओ नंबर आधी मागून घेतला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिल्या आठवड्यातच हात इतके भरलेत की आजचे दोन तास मला नकोसे झाले होते. शुक्रवार सकाळचे दोन तास बाहेरच्या लोकांसाठी ठेवलेत, आणि पहिल्याच शुक्रवारी मन म्हणालं, आज राहू दे, मॅडमच्या तिसऱ्या सर्व्हरवर अडलंय ते आधी सोडवू. हेच मेमध्ये झालं असणार. तेव्हाही काही ठरवून बंद केलं नव्हतं, एक शुक्रवार राहून गेला आणि मग सगळेच.

बसले. मैत्रिणीला एका क्लायंटचं डिझाइनचं काम कळवलं. अपग्रेड निम्म्यात मागणाऱ्या क्लायंटचा मेल आलाय, यादी करून द्या, पूर्ण रेटने, पाच दिवस. जानेवारीत देते म्हटलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

बारा आठवडे झाले. छोटा इनव्हॉइस काल आला. आकडा आता ॲडव्हान्स धरून साडेतीन, जिथून सुरुवात केली तिथेच, आणि फेब्रुवारीपर्यंतचं काम हातात. कोरड्या काळाचा बफर सहा महिन्यांवर न्यायचाय, प्रत्येक पेमेंटचा पाचवा हिस्सा वेगळ्या खात्यात.

आजचे दोन मेल गेले, पीएचपी ८.१ वाले जे अजून गप्प आहेत त्यांना, २६ दिवस राहिलेत. तिसरा अर्धवट ठेवलाय, त्यांच्या साइटचं सर्टिफिकेट कधी संपतंय ते आधी बघायचंय.